बाबांची मूठ आखडलीय, इंजेक्शनचा फायदा मोजायचा कसा?

प्रश्न: बाबांना स्ट्रोक होऊन दीड वर्ष झालं, डावी मूठ आवळलेलीच असते, नखं कापताना आई रडकुंडीला येते. स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं, डॉक्टर म्हणाले अ‍ॅशवर्थ 3 चं 2 झालं, पण त्यातून आम्ही काय समजायचं?

उत्तर: मी फिजिओ आहे. अ‍ॅशवर्थ म्हणजे आपण त्यांचा हात हलवला की स्नायू किती अडवतो, बस एवढंच. तुमची अडचण नखांची आहे ना, मग तेच मोजा. गोल अटेनमेंट स्केलिंग, म्हणजे ठरवलेलं ध्येय किती गाठलं ते मोजायची पद्धत आहे, 1968 ची, मुळात मानसिक आरोग्यासाठी निघालेली. इंजेक्शनच्या आधीच लिहायचं, 'आईला एकटीला 10 मिनिटांत नखं कापता येतील', तेवढं जमलं तर 0, त्याहून बरं तर +1, +2, कमी पडलं तर −1, −2. 'हात सुधारेल' असलं मोघम लिहू नका प्लीज.

दुसरीचं उत्तर: सासूबाईंच्या वेळी आम्ही ब्लाउजची बाही घालणं हे ध्येय धरलेलं, आधी दोघी लागायच्या, नंतर मी एकटी घालायचे. आणि हो, बाबांनाही विचारा की त्यांना काय हवंय.

प्रश्नकर्ती: आत्ताच विचारलं. म्हणाले, देवापुढे दोन्ही हात जोडायचेत.

फिजिओचं उत्तर: मग पुढच्या डोसआधी हेच लिहा. असर साधारण 3-4 महिन्यांत ओसरतो, तोवर स्ट्रेचिंग सोडू नका.