मदत हवी आहे : सासूबाईंजवळ कोण बसणार, यावरून दोन कुत्र्यांची मारामारी

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात दोन कुत्र्या आहेत. चिमी देशी, सहा वर्षांची. मिठी लॅब्रॅडॉर, दोन वर्षांची. दोघींचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय, लसी वेळच्या वेळी दिल्यात. सांगलीला आमचं बैठं घर आहे, पुढे अंगण आहे. मिठी पिल्लू होती तेव्हा चिमीनेच तिला सांभाळलं, एकाच गोधडीवर झोपायच्या. मिठी दीडेक वर्षाची झाली आणि बिनसायला लागलं.

जेवणावरून काही होत नाही, ताटल्या वेगवेगळ्या खोल्यांत असतात. भांडण होतं ते सासूबाईंवरून. संध्याकाळी त्या झोपाळ्यावर बसल्या की चिमी त्यांच्या पायाशी. तेवढ्यात मिठी आली की चिमीचं धापणं एकदम थांबतं. तोंड मिटतं, मान ताठ होते, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो. मग अगदी खालच्या सुरात गुरगुर. मिठी तरीही शेपूट हलवत मध्ये घुसते आणि पुढच्या क्षणाला दोघी एकमेकींच्या अंगावर. सासूबाईंनी हातातला भाकरीचा तुकडा पुढे केला असेल तर हे आणखी लवकर होतं.

गेल्या आठवड्यात मिठीच्या कानाला टाके पडले. सोडवताना सासूबाईंच्या पोटरीला दात लागला. जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, रेबीजची इंजेक्शनं चालू आहेत. त्या ७४ वर्षांच्या आहेत. चाव्यापेक्षा मला त्या धक्क्याने पडतील याची जास्त भीती वाटते.

नातेवाईक म्हणतात, एकीला शेतावर नेऊन बांधा. माणसांत वाढलेलं जनावर एकटं साखळीला बांधायला माझं मन तयार नाही. एका ट्रेनरने करंट देणारा पट्टा सुचवलाय. चिमी गुरगुरली की तिला दटावायचं का? मोठी म्हणून तिला आधी मान द्यायचा का? आणि या दोघी पुन्हा एकत्र राहू शकतील का? ज्यांनी हे घरात निभावलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, गुरगुरण्यावर अजिबात दटावू नका. ती चिमीची सूचना आहे. ती दाबली की कुत्रं पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावतं. करंटच्या पट्ट्याला तर स्पष्ट नकार द्या. मिठी समोर आली की मानेला वेदना होते, एवढंच चिमी शिकेल आणि तिचा राग वाढेल.

मोठी-धाकटी, मान-पान हा हिशेब सोडून द्या. कळपात वरचढ कोण हे झगड्याने ठरतं, ही कल्पना १९४७ साली प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून मांडली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असतात, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं. तुमच्याकडे प्रश्न राज्य कुणाचं हा नाहीये, आजींजवळची जागा हातची जाईल या धास्तीचा आहे.

आजपासूनच दोघींमध्ये बंद दार किंवा जाळीचं फाटक ठेवा. आजी झोपाळ्यावर असताना एका वेळी एकच कुत्री बाहेर, आणि हातातून तुकडा कुणालाच नाही. चिमीला डॉक्टरांकडे नेऊन दात, कान, सांधे तपासून घ्या, थायरॉइडची रक्ततपासणीही करा. दुखणाऱ्या कुत्र्याला धक्का सहन होत नाही. मिठीच्या अंगावरचे दातांचे व्रणही दाखवा, वरून बारीक दिसणारं भोक आत खोल असतं.

भांडण लागलंच तर पट्ट्याला हात घालू नका, चावे तिथेच बसतात. मध्ये खुर्ची किंवा पाट सरकवा, जाड चादर टाका, बादलीभर पाणी ओता. घरात दोन धडधाकट माणसं असतील तर दोघांनी एकेकीचे मागचे पाय उचलून मागे ओढायचं. आजींनी मध्ये पडायचं नाही, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

प्रतिसाद २

दोन माद्यांचं भांडण मिटायला सगळ्यात अवघड, हे मनाशी धरून चला. आमच्याकडे जमलं, पण बरेच महिने लागले. आधी रस्त्याच्या दोन बाजूंनी, दोन माणसांबरोबर, साखळीवर फिरवणं. मग जाळीच्या दोन बाजूंना. धाकटी दिसली की थोरलीला उकडलेलं चिकन, दिसेनाशी झाली की चिकन बंद. दोघींना तोंडाच्या जाळीची सवयही आधीपासून लावली, खाऊ देऊन देऊन. डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन हे धास्ती कमी करणारं औषध दिलं होतं, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. स्वतःच्या मनाने देऊ नका.

गुरगुरणं आणि चावा यांतलं अंतर कमी होत चाललं असेल, जखमा वाढत असतील, तर आयुष्यभर वेगळ्या खोल्या किंवा मिठीसाठी माणसांचं दुसरं चांगलं घर, दोन्हींचा विचार करा. शेत नको.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. फाटक करायला सुताराला आजच सांगितलंय. दोघींची तपासणी शनिवारी. एक अडतंय : चिमी रात्री सासूबाईंच्या खाटेखाली झोपते आणि दार लावलं की रडते. चिमीला सासूबाईंजवळ तसंच झोपू द्यावं, की मिठीला परत जवळ आणायचं असेल तर चिमीची ही जागाही हळूहळू मोडायला हवी?