शेवभाजीवाल्याची टेबलं रस्त्यावर, काय करावं?

जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेवभाजीचं हॉटेल आहे. अंधार पडला की टेबलं गटारीच्या पुढे, थेट डांबरावर. काल सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला रिक्षा आत येईना. भाजी फक्कड असते, पण म्हणून रस्ता त्याचा का?

– काय भो, मे महिन्यात पत्र्याखाली बसवतं का कोणाला?

– ताई, 2014 चा पथविक्रेता कायदा हातगाडीवाल्यांसाठी, गाळेवाल्यांसाठी नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम 231 नुसार आयुक्त असं सामान नोटीस न देताही उचलू शकतात. फोटोसह अर्ज द्या, पोच घ्या.

– देते. आधी त्याच्याशीच बोलते. एक ओळ मागे सरकवली तरी रिक्षा निघेल. अन् पत्र्यावाले भाऊ, तुम्ही गिऱ्हाईक दिसता त्याचे!