सांगली म्हणजे नुसता पूर? त्या पोस्टला माझं उत्तर

गावभागवाला

परवा एका गृहस्थांची पोस्ट वाचली, ती डोक्यातनं जात नाही. पुण्यात नोकरीला आहेत. बहिणीला सांगलीचं स्थळ आलं म्हणून एक दिवस येऊन गेले आणि लिहिलं काय, तर "नाट्यपंढरी, हळदीची पेठ ही नावं आता इतिहासजमा झाली. आज सांगली म्हणजे पूर. घर नदीपासून किती लांब आहे हे विचारल्याशिवाय तिथं मुलगी देऊ नये, आणि जागा तर घेऊच नये." खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग. त्यातले निम्मे सांगली स्टँडवर चहा पिण्यापुरते उतरलेले.

मी गावभागातला, नदीकाठच्या जुन्या सांगलीतला. २००५, २०१९, २०२१ हे तिन्ही पूर आमच्या घरानं घेतलेत. त्यामुळं पूर येतच नाही असं मी म्हणणार नाही. पण पूर येतो कुठं, ते तरी बघा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांच्या आसपास आलं की पहिल्यांदा बुडतात सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड. पंचेचाळीस ही धोका पातळी. त्याच्या वर गेलं की टप्प्याटप्प्यानं आमचा नंबर, मग मारुती चौक, स्टँड. आमच्या गल्लीतलं शाळकरी पोरगंसुद्धा सांगेल किती फुटाला कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागतं. २०१९ ला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हाही कुपवाड, मिरज आणि विश्रामबागेचा बहुतेक भाग कोरडाच होता. मग अख्ख्या शहराच्या कपाळावर हा शिक्का का?

आणि ती दोन नावं इतिहासजमा झाली हे ठरवणारे हे कोण? १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी इथं मराठी नाटक उभं केलं. ५ नोव्हेंबरला अख्खा महाराष्ट्र रंगभूमी दिन पाळतो तो त्याचीच आठवण म्हणून. नाटककार देवल शेजारच्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. हळदीचं म्हणाल तर मार्केट यार्डात सौदे निघाले की बघायला या. अडत्याच्या हातात राजापुरी हळकुंड असतं, तो ते कडकन मोडतो, आतला रंग बघतो आणि भाव बोलतो. सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं. आता ते काय इतिहासाला मिळालं?

चांगलं नाव कमवायला या गावाला दीडशे वर्षं लागली आणि वाईट नाव टीव्हीवाल्यांनी आठ दिवसांत दिलं. ज्यांनी कधी चिखल उपसला नाही त्यांच्याकडनं ते ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

एकेकाळचा सांगलीकर

चिखल मी उपसलाय, म्हणून लिहितो. २०१९ ला आमच्या तळमजल्यावर छताला हात लागेल एवढं पाणी होतं. पाणी गेल्यावर आईचं कपाट उघडलं तर लग्नातला शालू गाळानं जड झालेला, पिळायला दोन माणसं लागली. वडिलांच्या दुकानातला माल रस्त्यावर ढीग करून टाकला आणि जेसीबीनं उचलून नेला. विम्यावाल्यानं नियम दाखवले. २०२१ ला परत तेच. त्यानंतर घर विकलं. अर्ध्या किमतीत विकलं, कारण घेणाऱ्यानं पहिला प्रश्न हाच विचारला की पाणी कुठवर आलं होतं.

म्हणजे नाव खोटं नाही, दादा. सोळा वर्षांत तीनदा घर बुडतं त्या गावाला पुराचं गाव म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? विश्रामबाग कोरडं होतं हे तुम्ही गावभागात बसून सांगताय.

नाट्यपंढरीचं तर बोलूच नका. मी नाटकवेडा माणूस. सांगलीत असताना एका नाट्यगृहात पंखा बंद, खुर्ची मोडकी आणि तिसऱ्या अंकात वीज गेलेली, असं नाटक पाहिलंय. नोव्हेंबरात हार घालायचे आणि उरलेलं वर्ष लग्नाच्या रिसेप्शनला हॉल द्यायचा. हळद म्हणाल तर पीक आता नांदेड-हिंगोलीकडं गेलं. तुमच्याकडं पेठ उरली.

मिरजकर

दोघेही सांगली सांगली करताय म्हणून बोलणं भाग आहे. सांगली संस्थान निघालं १८०१ साली, तेही मिरजेतून फुटून. आजही तेच चाललंय. दवाखाने मिरजेत, नाव "सांगली-मिरज मेडिकल हब". रेल्वे जंक्शन मिरजेत. सतार आणि तानपुरा मिरजेत बनतो, त्यांनाही मानांकन मिळालं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले मिरजेत. १९९८ ला महापालिका एकत्र केली आणि पाटी लागली सांगलीच्या नावानं पहिली. पूर आला की मात्र "मिरज कोरडं आहे" हे तुमच्या बाजूनं सांगायला आमची आठवण. चांगल्यात आम्हाला धरायचं नाही आणि वाईट झाकायला आमचा आडोसा घ्यायचा, हे चालणार नाही.

वारणाकाठ

ह्या सगळ्या भांडणात मूळ दुखणं कुणीच बोलंना. पूर सांगलीनं आणला का? पूर आणला अलमट्टीनं. धरण झालं तवापासनं बघा, पाणी चढतंय लवकर आणि उतरतंय उशिरा. आमच्या बापजाद्यांनी पूर बघितले, दोन दिवसांत पाणी ओसरायचं. २०१९ ला आठवडाभर ऊस पाण्यात उभा होता. शेंडा कुजला की उसाचं काय राहतंय? आणि आता धरणाची उंची ५१९ मीटरवरनं ५२४ ला न्यायचं चाललंय. बदनामी करायचीच तर कर्नाटकाची करा, सांगलीची कशाला?

पाटबंधारे खात्यातून निवृत्त

अलमट्टीचा विषय आला की सगळ्यांचं भान सुटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अलमट्टी सांगलीपासून नदीच्या वाटेनं दोनशे किलोमीटरहून लांब. २०१९ च्या पुरानंतर सरकारनं वडनेरे समिती नेमली, तिनं २०२० मध्ये अहवाल दिला आणि अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. सांगलीत पाणी का फुगतं हे समजून घ्यायचं तर हरिपूरला संगमावर जाऊन उभं राहावं. कृष्णा इथपर्यंत येते तोवर तिचा उतार फार कमी झालेला असतो, वळणं घेत सावकाश चालते. हरिपूरला वारणा मिळते, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. चांदोली धरणातून वारणा भरून आली आणि तिकडून पंचगंगा आली की कृष्णेला पुढं जागाच राहत नाही. वरून कोयनेचं पाणी यायचं थांबत नाही. मग ते पाणी पसरतं, आणि पसरायला नदीनं ठेवलेली जी जागा होती तिथं आपण प्लॉट पाडले.

पूररेषा म्हणून एक चीज असते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नसतं. सांगलीत ओत, म्हणजे पाण्याच्या जुन्या नैसर्गिक वाटा, भरले, नाले वळवले, काळ्या मातीत गुंठेवारी झाली आणि मागाहून ती नियमित करून घेतली. शामरावनगरात तर नदीच्या पुराची गरजच नाही, साध्या पावसानं महिनोन् महिने पाणी साठतं. तिथं कुठली अलमट्टी आली?

वारणाकाठ

साहेब, तुमच्या खात्याचाच माणूस समितीचा अध्यक्ष आणि तुमच्याच खात्याची धरणं. कोयना भरून ठेवायची आणि मग एकदम सोडायची, ते कुणी केलं? १०५ टीएमसीचं धरण, जुलैतच एवढं कशाला भरायचं? तुमच्या खात्याचा हात त्यात आहे म्हणून अलमट्टीवर पांघरूण घालताय.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त

हा आरोप मी खपवून घेणार नाही. पूर आला तेव्हा रात्र रात्र जागून विसर्गाचे आकडे कळवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यात काम केलंय. कोयनेतून पाणी आधी सोडायला हवं होतं का, यावर वाद होऊ शकतो. तो करा, मी तुमच्या बाजूनंही काही बोलेन. धरण जुलैत मोकळं ठेवलं आणि पुढं पाऊस पडला नाही तर उन्हाळ्यात टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना कशावर चालवणार? जत-आटपाडीचा माणूस तेव्हा तुम्हालाच विचारेल. याच जिल्ह्यात पूरही आहे आणि टँकरही आहे.

मिरजकर

टँकरचं निघालं म्हणून आठवण करून देतो. २०१६ ला लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती मिरजेतून.

लातूरची लेक

त्या रेल्वेची आठवण मला कुणी करून द्यायला नको. माझं माहेर लातूर, सासर सांगली, खणभागात. लग्न ठरलं तेव्हा नात्यातल्यांनी दोन्हीकडून नावं ठेवली. इकडच्या बायका म्हणायच्या, लातूरची पोरगी, आंघोळीला तांब्याभर पाणी घेणार. तिकडच्या मावशीनं आईला विचारलं, नदीच्या तोंडावर का पोर देतीस? २०१६ ला माहेरी नळाला महिनाभर पाणी नव्हतं. मिरजेहून रेल्वे निघाली तेव्हा सासूबाई टीव्हीसमोर हात जोडून बसल्या होत्या. २०१९ ला आमच्याकडं पाणी आलं आणि माझ्या भावानं गल्लीतनं वर्गणी काढून लातूरहून टेम्पो भरून पाठवला. धान्य, चादरी, फिनेल, झाडू. झाडू पाठवायचं सुचलं ते फार उपयोगी पडलं. इथल्या दुकानांतले झाडूसुद्धा वाहून गेले होते.

म्हणून त्या पोस्टवाल्या भाऊंना सांगायचंय. बहिणीला इथं द्या. घर कुठं आहे ते जरूर विचारा, विचारायलाच पाहिजे. पण माणसं कशी आहेत हे आधी विचारा. पाणी आलं तेव्हा शेजारच्या वाड्यातल्या मुस्लिम कुटुंबानं आमच्या सासऱ्यांना खांद्यावर घेऊन जिना चढवला. वरच्या मजल्यावर दोन घरांची चूल एक झाली होती. हे बातमीत आलं नाही.

एकेकाळचा सांगलीकर

ताई, माणसांबद्दल माझी तक्रार नव्हतीच. आम्हालाही अनोळखी पोरांनी होडीतनं काढलं. पण माणसं चांगली आहेत म्हणून घर कोरडं राहत नाही. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली तिथली माणसंही चांगलीच होती, सतरा जण गेले. गावाचा चांगुलपणा पुढं केला की कारभाऱ्यांना कुणी जाब विचारत नाही, याचा मला राग आहे. साहेबांनी वर लिहिलंय ते परत वाचा. प्लॉट कुणी पाडले? घेतले कुणी? आपणच. स्वस्त मिळतंय म्हणून ओतात घर बांधलं, आणि पाणी आलं की अलमट्टी.

गावभागवाला

सगळ्यांचं वाचलं. मिरजकरांचा मुद्दा राहू द्या, तो कुठल्याही धाग्यावर येतो.

साहेबांनी निळ्या रेषेचं लिहिलं ते मला मान्य करावं लागतंय, मनाविरुद्ध. पण आमचा गावभाग गुंठेवारीत वसलेला नाही. वाडे जुने आहेत, जोती उंच आहेत. जुन्या लोकांना नदी माहीत होती, म्हणून पुरुषभर जोतं घातलं. ते पुरेनासं झालं ते नंतर, भोवतालचे ओत बुजल्यावर. तेव्हा एकेकाळचे सांगलीकर, "आपणच" म्हणताना सगळ्यांना एका मापानं मोजू नका. ज्यानं भराव टाकून स्कीम उभी केली तो आणि ज्याच्या दारात त्याचं पाणी वळलं तो, हे दोघं एक नव्हेत. शहराला पुराचं नाव पडलं की नेमका पहिला माणूस सुटतो. कृष्णेनं केलं, अलमट्टीनं केलं, नशिबानं केलं. मला त्या शिक्क्याची चीड आहे ती यासाठी.

आणि हळदीची पेठ 'उरली' असं हिणवू नका. पेठ टिकवणं सोपं नसतं. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल, आत वर्षानुवर्षं हळद टिकायची. २००५ च्या पाण्यात त्यातली बहुतेक गेली. हळद भिजून सडली, नंतर कित्येक पेवं बुजवून टाकली. तरी सौदे बंद पडले नाहीत, वखारी उभ्या राहिल्या. नांदेड-हिंगोलीकडं पीक वाढलंय ते खरं आहे, आणि शेतकऱ्याचं भलं होत असेल तर आनंद आहे. पण हे गाव पूर आला म्हणून धंदा गुंडाळून बसलं नाही, हे लिहायला काय जातं?

नाट्यगृहाच्या पंख्याबद्दल तुम्ही बरोबर आहात. तिथं मी तुमच्या बाजूनं.

एकेकाळचा सांगलीकर

पेवांचं तुम्ही लिहिलंत ते मला लागलं. आजोबांची हळद असायची तिथं.

चला, मुलगी द्यायला हरकत नाही, एवढं मान्य करतो. जागेबद्दल माझं मत तेच. घेणाऱ्यानं सातबारा बघायच्या आधी पूररेषेचा नकाशा बघावा, २०१९ ला त्या प्लॉटवर पाणी कुठवर होतं ते शेजाऱ्याला विचारावं, बिल्डरला विचारू नये. आणि नाव बदलायचं असेल तर निळ्या रेषेतलं एक तरी नवं बांधकाम पाडून दाखवा. मग मी स्वतः लिहीन की सांगलीला नाहक बदनाम केलं जातं.

वारणाकाठ

पाडा की. कोण नको म्हणतंय? पण धरणाची उंची वाढवू नका एवढं साहेबांनी एकदा तोंडानं म्हणावं, मग माझं बोलणं संपलं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त

उंची वाढवायला माझा विरोधच आहे. खालच्या फुगवट्याचा पुरेसा अभ्यास झाल्याशिवाय एक मीटरही वाढवू नये. पण उद्या ती वाढली नाही तरी शामरावनगरातलं पाणी हटणार नाही, हेही तुम्ही तोंडानं म्हणा.

वारणाकाठ

शामरावनगरचं मान्य. बाकीचं नाही.