गाय मुतते तिथून वायू निघतो म्हणे. पेंडीचा काय संबंध?

कोयनाकाठ:
राम राम मंडळी. पाटण तालुक्यात डोंगराकडेला दीड एकर पड आहे आमची. दोन एचएफ (होल्स्टीन) गाई आणि एक खिलार कालवड पावसाळाभर तिथंच चरतात. दोन्ही वेळा दावणीला मेथीघास आणि वर सरकी पेंड. पेंडीला हात जरा सैलच (आईच्या मते पेंड कमी केली की गाय रुसते). पडीत गाय मुतते तिथं गवत आधी करपतं, मग परातीएवढ्या जागेत काळंभोर, गुडघाभर वाढतं. मेव्हणा कृषी डिप्लोमाला आहे. तो म्हणतो, "दाजी, त्या ठिपक्यांतून वायू निघतो, आणि तो तुमच्या पेंडीचा." मला फक्त ढेकरातला वायू माहीत. पोरगं थट्टा करतंय का?

माणदेशी_दावण:
थट्टा नाही. ढेकरातला मिथेन, हा नायट्रस ऑक्साईड. दोन्ही वेगळे.

प्रथिनात साधारण १६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं. मेथीघासही प्रथिनाचा, सरकीही प्रथिनाची. कोठीपोटातले जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःचं अंग वाढवतात, पण त्यासाठी त्यांना पिठूळ, ताकदीचं खाद्य लागतं. ते नसलं की उरलेला अमोनिया रक्तात, रक्तातून यकृतात, तिथं युरिया होऊन मुतावाटे बाहेर. म्हणजे महागाची पेंड तुम्ही पडीत ओतताय.

आणि किती? मुताच्या एका ठिपक्यात नत्र हेक्टरी ५०० ते १००० किलोच्या दराने पडू शकतं. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात २१ किलोच्या आत नत्र. हिशेब करा, एकरी दहा ते वीस पोती! उसालाही एवढं कोण टाकत नाही. पिकाला पेलवत नाही, मग जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. पावसानं रान चिबडलं की हवा संपते, जिवाणू नायट्रेटमधलाच ऑक्सिजन ओढतात आणि नायट्रस ऑक्साईड सुटतो. हवा तापवण्यात, १०० वर्षांच्या हिशेबात, त्याचा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साईडचे २७३ किलो.

जत_कोरडवाहू:
आमच्याकडं चिबडायला पाऊस तर पडू दे! आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची जागतिक समिती) २०१९ च्या आकड्यांत चरणाऱ्या गाईंच्या नत्रापैकी ओल्या हवामानात ०.६ टक्के, कोरड्यात ०.२ टक्के असं नायट्रस ऑक्साईडच्या रूपानं जातं. कोरड्या रानात अमोनिया उडतो, तोही तोटाच. पाटणवाल्यांनी जास्त जपावं.

कोयनाकाठ:
मग पेंड बंदच करू? दूध बसेल की.

माणदेशी_दावण:
बंद कोण म्हणतंय. मेथीघास निम्मा करा, त्या जागी मक्याचा मुरघास किंवा कुट्टी. जिवाणूंना ताकद मिळाली की तेच प्रथिन अंगी लागतं. दुधातला युरिया तपासता आला तर बघा, जास्त आला की समजा प्रथिन वाया चाललंय. पेंड एकदम कमी करू नका, आठवड्याला थोडी थोडी उतरवा. बाभळीच्या शेंगा मिळाल्या तर थोड्या घाला. त्यातलं टॅनिन प्रथिनाला धरून ठेवतं, नत्र मुताऐवजी शेणात जातं आणि शेणातलं सावकाश सुटतं. न्यूझीलंडमध्ये तर याच कामासाठी कुरणात प्लॅन्टेन पेरतात, आपल्या ईसबगोलाच्या जातकुळीतलं.

कोयनाकाठ:
आज सकाळी एकीची पेंड पावशेर कमी केली, मका कुट्टी वाढवली. आईनं अजून पाहिलेलं नाही.