डिपेंडंट केअर एफएसए: यंदा पूर्ण साडेसात हजार टाकावेत का?

मेथकूट
इथे अमेरिकेत ओपन एनरोलमेंट (कंपनीकडून मिळणाऱ्या सोयी पुढच्या वर्षासाठी निवडायची मुदत) सुरू झालंय, त्यामुळे ऑफिसात जेवायला बसलं की हाच विषय. डिपेंडंट केअर एफएसए म्हणजे मुलांच्या सांभाळासाठी पगारातून टॅक्सआधीच बाजूला काढलेले पैसे. त्याची वर्षाची मर्यादा २०२६ पासून ५,००० वरून ७,५०० डॉलर झाली. आधीची रक्कम १९८६ च्या कायद्यातली, मधे फक्त २०२१ साली वर्षभरापुरती १०,५०० केली होती. माझं म्हणणं सरळ आहे. दोघंही नोकरी करता, मूल १३ वर्षांच्या आतलं आहे, डेकेअरला पैसे जातातच आहेत, तर डोळे झाकून पूर्ण रक्कम टाका. २४ टक्क्यांच्या टॅक्स ब्रॅकेटमध्ये असाल तर फेडरल टॅक्स आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के धरून साधारण २,३७० डॉलर वाचतात. तरी लोक "कोण त्या पावत्या अपलोड करत बसणार" म्हणत सोडून देतात. निव्वळ आळस!

उंटावरचा शहाणा
"डोळे झाकून"ला कडाडून विरोध. चाइल्ड केअरचं टॅक्स क्रेडिट, म्हणजे टॅक्समधून थेट वजा होणारी सूट, विसरलात? एका मुलाला ३,०००, दोन किंवा जास्त मुलांना ६,००० डॉलर खर्चापर्यंत ते मिळतं, आणि एफएसएत टाकलेला प्रत्येक डॉलर त्या खर्चातून वजा होतो. ७,५०० टाकले की क्रेडिट शून्य.

आता गंमत बघा. २०२६ पासून क्रेडिटचाही दर बदललाय. दोघांचं मिळून उत्पन्न दीड लाखाच्या आत असेल तर त्या खर्चाच्या किमान ३५ टक्के. म्हणजे दोन मुलांवर २,१०० डॉलर. त्यातलंच एक लाख दहा हजार कमावणारं कुटुंब घ्या. ते १२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये येतं, एफएसएने वाचणार १,४७० च्या आसपास. म्हणजे सहाशेवर डॉलरचं नुकसान, आणि वर पावत्यांची कटकट!

मेथकूट
मान्य, पण आपल्या लोकांत दोघांचं मिळून दीड लाखाच्या आत किती घरं? दोन लाख सहा हजारांच्या पुढे गेलात की क्रेडिट २० टक्क्यांवर येतं, दोन मुलांचे १,२०० आणि एकाचे फक्त ६००. तिथे एफएसएच भारी.

फडताळ
"आपल्या लोकांत" म्हणजे नक्की कोण हो? मी एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आहे, वर्क परमिट नाही. दोघांपैकी कमी कमावणाऱ्याच्या कमाईइतकीच सवलत, आणि माझी कमाई शून्य. मुलाला आठवड्यातून तीन दिवस प्रीस्कूलला पाठवतो, त्याचे पूर्ण पैसे टॅक्स भरलेल्या पगारातून. ज्या घरात दोन पगार येतात त्यांनाच सरकार वर आणखी देणार. उलटा न्याय आहे हा.

मेथकूट
फुल-टाइम शिकत असाल तर चालतं.

फडताळ
चालतं, पण तेव्हा माझी मानीव कमाई एका मुलाला महिना २५० डॉलर धरतात. म्हणजे बारा महिने शिकले तरी वर्षाला ३,०००. आणि विद्यापीठाची फी कोण भरणार, तुम्ही?

ओसरी
फडताळ, तुमचा मुद्दा पटतो, पण ही सवलत मुळातच "दोघांना कामावर जाता यावं" यासाठी आहे. घरी कोणी असेल तर ती लागू नाही, हे तर्काला धरून आहे. वर्क परमिट न देणं हा खरा अन्याय. राग इमिग्रेशनवर काढा, एफएसएवर कशाला?

माझी अडचण वेगळी. आमची मुलगी शाळेनंतर बिल्डिंगमधल्या एका आंटींकडे असते. वरणभात भरवतात, मराठीत बोलतात, सोन्यासारखी बाई. पण पैसे रोख हवेत आणि एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) द्यायला तयार नाहीत. टॅक्स भरताना या सवलतीच्या फॉर्म २४४१ वर तो लागतो ना?

उंटावरचा शहाणा
लागतो. तुम्ही मागितला आणि त्यांनी नाही दिला, याचा पुरावा ठेवलात तर आयआरएस (टॅक्स खातं) ऐकून घेतं. पण एफएसए कंपनीला सही केलेली पावती हवी, आणि आंटी ती देणार नाहीत. हेच तर म्हणतोय. साखळीवाल्या डेकेअरला पैसे देणाऱ्यांचीच ही सोय आहे.

नाकासमोर
एक कोणीच बोललं नाही. जास्त पगारवाल्यांनाच फायदा जात नाही ना, याची कंपनीला दरवर्षी चाचणी करावी लागते. कंपनी नापास झाली की ज्यांचा आदल्या वर्षीचा पगार १,६०,००० च्या वर, त्यांची सवलत जाते किंवा कापली जाते. आमच्याकडे झालंय. नोव्हेंबरात ईमेल आली, तुमची रक्कम निम्म्याने कमी. म्हणून दोघांपैकी कमी पगार असेल त्याच्या कंपनीतून टाका.

ओसरी
आणि मधेच आई-बाबा सहा महिन्यांसाठी इथे आले, डेकेअर बंद केलं तर? उरलेले पैसे बुडाले?

मेथकूट
न वापरलेले बुडतात, खरंय. काही प्लॅनमध्ये अडीच महिन्यांची सवड मिळते, पुढच्या वर्षात नेता मात्र येत नाहीत. पण डेकेअर बंद केलंत किंवा बदललंत तर वर्षाच्या मध्येही कपात कमी करायला बहुतेक प्लॅन मुभा देतात. लगेच एचआरला कळवा, मुदत बरेचदा ३० दिवसांचीच असते. आणि आईबाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर त्यांना पैसे दिल्याचं दाखवायच्या फंदात पडू नका, त्यांना इथे काम करायची परवानगी नसते.

फडताळ
म्हणजे आजीने सांभाळलं तर शून्य, आईने सांभाळलं तर शून्य. छान.

मेथकूट
आजीला पगार देता का तुम्ही? खर्चच नाही तर सवलत कशावर?

फडताळ
विमानाचं तिकीट आणि तिचा मेडिकल इन्शुरन्स कोण काढतं, देवाने?