डॉसबॉक्समधल्या बीबीएसला फोनलाइनशिवाय 'रिंग' कशी देऊ?

प्रश्नकर्ता: रिमोटॲक्सेस हे बीबीएस (फोनलाइनवर मोडेमने जोडून निरोप-फाइली देवघेव करायचं जुन्या काळचं केंद्र) डॉसबॉक्सवर (जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) उभं केलंय. लोकल लॉगिन झकास होतं. आता जुन्या मित्रांनी इंटरनेटवरून डायल करून आत यावं अशी फार इच्छा आहे, पण ते मोडेमच शोधत बसतं.

उत्तर १: डॉसबॉक्समध्येच हेज मोडेमची (‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा घेणाऱ्या मोडेमची) नक्कल आहे. कॉन्फिगमध्ये पहिला सिरियल पोर्ट 'मोडेम' करून लिसनपोर्ट (ज्या नंबरवर कॉलची वाट बघायची तो) 5000 द्या. बाहेरून कुणी टेलनेट केलं (इंटरनेटवरून मजकुराच्या रूपात जोडणी केली) की बीबीएसला 'रिंग' दिसते आणि ते 'एटीए' ही आज्ञा पाठवून फोन उचलतं. आधी बीएनयूसारखा फॉसिल ड्रायव्हर (बीबीएस आणि सिरियल पोर्ट यांच्यातला दुवा) लोड करा, रिमोटॲक्सेसला तो लागतोच. बाहेरून 23 नंबरचा (टेलनेटचा नेहमीचा) पोर्ट उघडू नका, बॉट्स (आपोआप घुसू पाहणारे प्रोग्राम) जीव खातात.

प्रश्नकर्ता: कनेक्ट झालं! काय आनंद झाला सांगू. पण झेडमोडेमने (फाइल पाठवायची एक पद्धत) झिप फाइल उतरवताना सारख्या सीआरसी एरर (डेटा बिघडल्याच्या खुणा) येतात. साधा मजकूर मात्र नीट दिसतो.

उत्तर २: दादा, टेलनेटमध्ये 255 हा बाइट म्हणजे 'पुढे आज्ञा आहे' अशी खूण. झिपमध्ये तो येणारच, तेव्हा तो दोनदा पाठवावा लागतो. मजकुरात सहसा येत नाही, म्हणून तिथे कळलं नाही. मोडेमच्या इनिट स्ट्रिंगमध्ये (सुरुवातीला मोडेमला पाठवायच्या आज्ञांमध्ये) 'एटी+नेट1' घाला, म्हणजे डॉसबॉक्स टेलनेट मोडमध्ये जाईल.

प्रश्नकर्ता: झिप अख्खी उतरली. मनापासून आभार!