सोनीच्या रॉ फायली वेबपीत बदलल्या. मिरचीचा लाल रंगच गेला

मिरचीसातरा
भिवापूरकडच्या एका महिला बचत गटाच्या वेबसाइटवर मिरची आणि तिखटाचे फोटो टाकायचे आहेत. कॅमेरा सोनी अल्फा ६०००, एकूण २४० एआरडब्ल्यू (सोनीच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या) फायली, एकेक २४ एमबीच्या आसपास. त्यातल्या २० एका ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकून वेबपी (वेबसाइटसाठीचा हलका फोटो प्रकार) काढून पाहिल्या. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, पण फोटो आले फक्त १६१६ बाय १०८०. उभे फोटो आडवे पडले. आणि मिरचीचा लाल एकदम विटका, जुन्या फडक्यासारखा दिसून राहिला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तोच फोटो छान दिसतो. फायलींची नावं अंडरस्कोर, मग डीएससी अशी सुरू होतात, त्याचा काही संबंध? बाकी २२० पण तिथंच चढवू का?

वऱ्हाडी_पिक्सेल
चढवू नका भाऊ. २२० गुणिले २४ म्हणजे सव्वापाच जीबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर चार दिवस जातील, आणि हाती हेच येईल.

१६१६ बाय १०८० या आकड्यातच रोग कळून राहिला. त्या कन्व्हर्टरनं रॉ उघडलंच नाही. प्रत्येक एआरडब्ल्यूच्या पोटात कॅमेऱ्यानं स्वतः बनवलेला एक छोटा जेपेग असतो, स्क्रीनवर दाखवायला. सोनीच्या या पिढीत त्याचं माप हेच. कन्व्हर्टरनं तो उचलला आणि वेबपी म्हणून तुमच्या हातात दिला. खरं रॉ ६००० बाय ४००० आहे, ते जागचं हललंही नाही.

अंडरस्कोरचा संबंध आहे, आणि तोच मोठा आहे. सोनीत कलर स्पेस (रंगांची व्याप्ती) अ‍ॅडोबी आरजीबीवर असली की नावापुढे अंडरस्कोर लागतो. ती सेटिंग रॉच्या डेटाला काहीच करत नाही, फक्त पोटातल्या जेपेगला लागते. बदलताना त्याचं कलर प्रोफाइल (कोणती कलर स्पेस ते सांगणारी खूण) गळालं, ब्राउझरनं ते आकडे एसआरजीबी (वेबवरची नेहमीची, लहान कलर स्पेस) समजून वाचले, म्हणून लाल विटला. फोटो आडवे पडायचं कारणही याच जातीचं: फोटो किती फिरवायचा याची खूण मेटाडेटात (फाईलसोबतच्या माहितीत) असते, तीही सोबतच गळाली. रॉ शाबूत आहेत, पुन्हा फोटो काढायची गरज नाही.

रॉ उघडायला डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही फुकट. डार्कटेबलमध्ये आधी एकच फोटो नीट करा. मिरचीत पहिला फुटतो (कमाल मर्यादेला टेकून तपशील गमावतो) तो लाल चॅनल. सातऱ्यावर (मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर) दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) एकूण ठीक वाटतो आणि ढिगाचा वरचा भाग मात्र सपाट लाल डाग होऊन बसतो. म्हणून रॉ ओव्हरएक्सपोज्ड इंडिकेटर लावून पाहा. लाल चॅनल खरंच फुटला असेल तर त्या जागी फार काही परत येत नाही. इंडिकेटर गप्प आहे आणि तरी डाग दिसतो, तर रंग एसआरजीबीच्या कुंपणाबाहेर चालला आहे. मग एक्सपोजर थोडं खाली घ्या आणि सॅच्युरेशन दहा-पंधरा टक्के कमी करा. रंग कमी केल्यावर मिरचीच्या सुरकुत्या उघडतात, हे उलटं वाटतं पण करून पाहा.

व्हाइट बॅलन्सचा ठिपका कोऱ्या कागदावर किंवा ग्रे कार्डवर घ्या. मागं वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर नको. त्यात नीळ असते, फोटो पिवळा पडतो.

मग तीच एडिट बाकी फोटोंवर कॉपी करा, पण सावलीतल्या फोटोंवर व्हाइट बॅलन्स सोडून. एक्सपोर्टला लांब बाजू १६००, प्रोफाइल एसआरजीबी, १६ बिट पीएनजी.

मिरचीसातरा
भाऊ नाही, ताई. पण निदान एकदम बरोबर, कलर स्पेस अ‍ॅडोबी आरजीबीवरच होती. रंग आले. आता सीवेबपीनं (वेबपी बनवायच्या टूलनं) क्वालिटी ८० वर काढलं तर मिरचीचं हिरवं देठ जिथं लालला टेकतं तिथं कडा फुगीर दिसते. पीएनजीत तसं नाही. आणि १६०० पुरे होईल का?

झुडपीजंगल
ताई, वेबपीच्या लॉसी प्रकारात रंगाची माहिती निम्म्या रुंदीत आणि निम्म्या उंचीतच साठवतात. चार पिक्सेलना उजेड चार वेगळे, रंग एकच. माणसाच्या चेहऱ्यात हे कळत नाही, लाल-हिरव्याच्या सीमेवर लगेच कळतं. सीवेबपीत शार्प वाययूव्ही नावाचा पर्याय आहे, तो चालू करा, मेथड ६ ठेवा. फुगीरपणा बराच बसतो, पूर्ण जात नाही. आणि सीवेबपी न सांगता मेटाडेटा टाकून देतं, म्हणून मेटाडेटात आयसीसी (कलर प्रोफाइल) ठेवायला सांगा.

देठच दाखवायचं असेल तर एव्हिफ (वेबपीपेक्षा नवा फोटो प्रकार) काढा. त्यात रंग पूर्ण ठेवता येतो: एव्हिफेन्कला (एव्हिफ बनवायच्या टूलला) ४४४ (प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग) आणि १० बिट सांगायचं, क्वालिटी ६० पासून सुरू करायचं. टिफ त्याला चालत नाही, म्हणून वर पीएनजी सांगितलं ते बरं झालं. उबुंटू २२.०४ मधली आवृत्ती जुनी आहे, तिला ०-१०० ची क्वालिटी कळत नाही. तिथं मिन आणि मॅक्स द्यायचे ० ते ६३ मध्ये, आणि उलटे: ० सगळ्यात चांगलं. त्या जुन्या आवृत्तीवर ६० दिलं तर फोटोचा चुरमा होतो.

मापाचं म्हणाल तर साधा फोन ३६० रुंदीचा, त्याची घनता ३ धरली तरी १०८० पिक्सेल लागतात. ४८०, १०८०, १६०० अशी तीन मापं काढा आणि सोर्ससेटमध्ये (ब्राउझरला मापांची यादी देणाऱ्या एचटीएमएलच्या जागेत) लिहा. ढिगाचा फोटो १६०० ला वेबपीत अडीचशे-तीनशे केबी जाईल, साध्या पाटीवरची एक मिरची शंभरच्या आतच.

वऱ्हाडी_पिक्सेल
तिखटाच्या क्लोजअपला मी एव्हिफ ६० देणार नाही. कमी क्वालिटीला एव्हिफ बारीक दाणा पुसून टाकतं, तिखट शेंदरासारखं गुळगुळीत दिसतं. गिऱ्हाईक तर दाणाच पाहून राहिलं! तिथं ७५ घ्या, फाईल वाढली तर वाढू द्या.

झुडपीजंगल
कबूल. मात्र आयएसओ १६०० च्या वरचा फोटो असेल तर आधी डीनॉइज करा (कॅमेऱ्याचे नको ते ठिपके, म्हणजे नॉइज, काढा), नाहीतर ते ७५ दाण्यावर नाही, नॉइजवर खर्च होतं.

लाइन_गेली
२४० फोटो, तीन मापं, दोन प्रकार, म्हणजे १४४० फायली. एव्हिफ सावकाश बनतं, रात्री लावून ठेवाल आणि मधेच लाइन जाईल. स्क्रिप्टमध्ये तयार फाईल वगळायची सोय सगळेच ठेवतात, पण लाइन जाताना जी अर्धी लिहून झाली तीही तयार समजून वगळली जाते. म्हणून आधी तात्पुरत्या नावानं लिहा, काम संपल्यावरच खरं नाव द्या.

एचटीएमएलच्या पिक्चर टॅगमध्ये एव्हिफ आधी, मग वेबपी, शेवटी जेपेग. ब्राउझर वरून जे पहिलं चालतं ते घेतो. आयफोनवर एव्हिफ आयओएस १६ पासूनच आहे, म्हणून खालचे दोन सोडू नका. रुंदी-उंची टॅगात लिहा, नाहीतर पान उड्या मारतं. लेझी लोडिंग (फोटो दिसायची वेळ येईपर्यंत न आणणं) पहिल्या मोठ्या फोटोला लावू नका. आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकल्यावर जो फोटो दिसायला हवा तो साधा जेपेगच ठेवा.

वर्डप्रेस आहे का? असेल तर ते लहान मापं स्वतः पुन्हा दाबतं, जेपेगला ८२ वर, वेबपीला ८६ वर. दाबलेलं पुन्हा दाबलं की देठाची कडा परत फुगेल.

मिरचीसातरा
वर्डप्रेसच आहे, ६.५. मग तीन मापं आपण काढलेलीच टाकते आणि त्याची बंद करते. डीनॉइज लावून आज रात्री ढिगाचे ४० आधी काढते.